आड आणि पोहरा

कविता शिकविता येते काय, असा विषय निघाला की ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण इतक्या निःशंकपणे पुढे केली जाते, की जणू मुकदमा तेथेच निकालात निघाला. दर्यापुरात राहणाऱ्या माणसाला मात्र ती जशीच्या तशी स्वीकारणे कठीण जाते. पूर्णेच्या या खारपाणपट्ट्यात आडाला पाणी आहे आणि पोहराही भरून वर येतो. परंतु त्या पाण्याने तहान भागत नाही, आणि तेच वर्षानुवर्षे ओलिताला वापरले तर उत्तम काळी जमीन चोपण होऊन तिचा निचरा खुंटतो. म्हणून येथला कास्तकार पावसाच्या भरवशावर कापूस, तूर, मूग पेरतो आणि पुढे जमिनीत मुरलेल्या ओलीवर हरभरा काढतो. याच खोऱ्यात पूर्वी खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत असत; शेताला जे बाधले, तेच अन्नाला रुची देऊन गेले. मग आडात काय आहे, यापेक्षा त्याचे काय करावे हे ज्ञान थोर म्हणावे काय? ते तर पिढ्यान्‌पिढ्या बाप मुलाला शिकवीतच आला आहे.

अमरावतीस १९३२ साली जन्मलेल्या सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, तेव्हा त्यांच्या मनात असाच काही विचार असेल, असे मला वाटते. ‘रूपगंधा’ आणि ‘रंग माझा वेगळा’ लिहिणाऱ्या कवीने नवख्यांसाठी वृत्त, काफिया, रदीफ, मतला यांचे नियम समजावीत बसावे, यात मला त्यांच्या प्रतिभेइतकेच त्यांचे औदार्य दिसते. तथापि त्या नियमांना तंतोतंत उतरलेली गझल निष्प्राण निघते आणि मात्रेत चुकलेली एखादी ओळ जन्मभर सोबत करते, असेही मी पाहिले आहे. कोणाच्या अंतरीच्या खारटपणाचे मीठ होईल आणि कोणाचे शेत चोपण होईल, हे शिकविणाऱ्याला आधी कसे उमगावे? आरंभी मला म्हण तेवढी अपुरी वाटत होती. आता माझे तिला दिलेले उत्तरही अपुरे वाटते.

तरीही दर्यापूर-बनोश्याच्या ज्या मुलामुलींनी आपल्या वह्या अद्याप कोणालाच दाखविलेल्या नाहीत, त्यांनी ती बाराखडी एकदा मन लावून वाचावी. आणि वाचल्यावर एखादे वृत्त मोडावेसे वाटलेच, तर ते का मोडावेसे वाटले, हे मला अवश्य येऊन सांगावे.