हात चावण्याआधी

माझा भाचा स्वमग्न आहे. तो बोलत नाही. चिडला की स्वतःचा हात चावायचा. मनगटावर घट्टा पडला होता. नातेवाईक म्हणायचे, 'हट्टी आहे, दोन फटके द्या.' त्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, वही घातली. थेरपिस्ट ताईंनी सांगितलं होतं : चावण्याआधी काय घडलं आणि चावल्यावर कोणी काय केलं, एवढंच लिहायचं.

वहीनेच उलगडा केला. मणी ओवणं, बटणं लावणं असं बोटांचं काम समोर आलं की हात तोंडात जायचा, आणि चावताच काम बाजूला व्हायचं. त्याला सुटका हवी होती, आणि ती मागायचा दुसरा मार्ग त्याच्याकडे नव्हता.

अमेरिकेत एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास नेमका इथे उपयोगी पडतो. त्यात मुलं चारच होती. कोणी काम अवघड झालं की बिथरायचं, कोणी मोठ्यांचं लक्ष कमी झालं की. पहिल्यांना 'मला समजत नाही' म्हणायला शिकवलं, दुसऱ्यांना 'माझं काम नीट होतंय का?' असं विचारायला. त्रासदायक वागणं कमी झालं. मात्र गरजेशी न जुळणारं वाक्य शिकवलं, तेव्हा फरक पडला नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. मूल कशासाठी तसं वागतंय हे न शोधता नुसतं 'शहाण्यासारखं वाग' म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

भाच्यासाठी 'थांबायचंय' असं चित्रकार्ड केलं. ताई समोर बसायच्या, आई मागे. हात तोंडाकडे वळण्याआधीच आई त्याच्या हाताने कार्ड पुढे करायची आणि ताई लगेच मणी उचलायच्या. सुरुवातीला दर वेळी, न चुकता. चावल्यावर मात्र काम हटायचं नाही. जखम होऊ नये म्हणून मनगटावर जाड पट्टा असायचा. त्या काळात चावणं आधी वाढलं. तसं होऊ शकतं हे ताईंनी बजावलं होतं, म्हणूनच घर टिकून राहिलं.

आजीला धास्ती होती, 'कार्डाची सवय लागली तर बोलणारच नाही.' चित्रांमुळे बोलणं अडतं असं संशोधनात दिसलेलं नाही, हे ताईंनी तिला शांतपणे समजावलं. शाळेतल्या बाईंची शंका वेगळी होती : तो दिवसभर कार्डच दाखवेल. त्यावर उपाय म्हणजे वाट पाहणं हळूहळू वाढवत नेणं. 'अजून एक मणी, मग सुट्टी,' नंतर दोन, नंतर पूर्ण ओळ.

केशकर्तनालयात मशीन घरघरलं, तेव्हा त्याने कार्ड पुढे केलं आणि कारागिराला काही कळेना. तेव्हापासून बहीण कुठेही जाण्याआधी तिथल्या माणसांना कार्ड दाखवून ठेवते. आता दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय. त्यांना फोन करून झालाय.