अम्माचे सूप

सोलापूर शहराबाहेर, अक्कलकोटच्या रस्त्यावर, कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांची मोठी वसाहत आहे. तेथील एका घरात अम्मा राहते. तिने नुकतीच सत्तरी ओलांडली आहे. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात कधी कानडी, अशा तीन भाषांत तेथील माणसांचा दिवस जातो. त्यामुळे शेजारची मराठी मुलेही तिला अम्माच म्हणतात.

पहाटे उठल्यावर अम्मा प्रथम रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने चाचपून पाहते. सोलापूरचा उन्हाळा मोठा कडक. पान कोरडे पडले की वळताना चिरते. मग ज्वारीच्या भाकरी होतात, पाणी भरून होते आणि अम्मा मांडीवर सूप घेऊन उंबऱ्याजवळ बसते. पानावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा, त्याच्या मापाने पान कातरायचे, चिमूटभर तंबाखू घालून वळायचे, तोंड दुमडायचे आणि दोरा बांधायचा. हे सांगण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढाही अम्माला करण्यास लागत नाही. २५ विड्यांची एक जुडी. अशा ४० जुड्या झाल्या की हजार. मजुरी मिळते ती हजाराच्या हिशेबाने. कारखान्यात विड्या तपासल्या जातात, आणि एखादी सैल वा आखूड निघाली की ती बाजूला पडते. तिचे कष्ट फुकट जातात. अम्माला अक्षरओळख नाही, पण हा हिशेब तिला कोणी शिकवावा लागला नाही.

१९७२ च्या दुष्काळाच्या वर्षी ती लग्न होऊन सोलापुरास आली. तिचा सासरा 'जुन्या गिरणी'त कामाला होता. १८७७ साली सुरू झालेली ती कापडगिरणी तोपर्यंत बंद पडली होती. नवरा यंत्रमागावर चादरी विणी. माग चाले तेव्हा घर चाले; माग थांबला की सारा भार अम्माच्या सुपावर येई. दिवसाला हजार विड्या वळून ती रात्री कंदिलाच्या उजेडात उद्याची पाने कातरीत बसे. मूल पाळण्यात असले, तर पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी बांधलेली असे.

असाच एकदा माग बरेच महिने बंद राहिला. थोरली लेक तेव्हा सातवीत होती आणि गणितात हुशार होती. अम्माने तिला शाळेतून काढले आणि दुसरे सूप तिच्या मांडीवर दिले. धाकटी भावंडे त्यामुळे शिकली, हे खरे. पण थोरलीचे दप्तर अम्माने किती तरी वर्षे खुंटीवरून काढले नव्हते.

पुढे विडी कामगार स्त्रियांनी एकत्र येऊन, आपल्या वाट्याचे पैसे भरून घरांसाठी दीर्घकाळ चळवळ केली. कुंभारीची १०,००० घरे उभी राहिली आणि २००६ साली त्यांचे वाटप झाले. वसाहतीला गोदूताई परुळेकरांचे नाव देण्यात आले. त्यांतील एक घर अम्माला मिळाले. आयुष्यभर भाड्याच्या खोलीत राहिलेली अम्मा पहिल्या दिवशी भिंतींना हात लावीत फिरली, असे तिची सून अजून सांगते.

आता अम्माच्या हातून रोज चारशे विड्या झाल्या तरी पुष्कळ. तंबाखूच्या धुळीने खोकला जडला आहे. तंबाखू अपायकारक असते, हे नातीला शाळेत शिकवतात. अम्माला ते तिच्या छातीने केव्हाच सांगितले आहे.

नात बारा वर्षांची आहे. परवा सुट्टीच्या दिवशी ती हौसेने आजीशेजारी बसली आणि कात्री उचलून पान कातरू लागली. तिचा हात चांगला वळत होता. अम्माने क्षणभर पाहिले आणि कात्री काढून घेतली.

"ऊठ. पुस्तक घे."

थोरली लेक समोरच विड्या वळीत होती. तीही याच वसाहतीत राहते. मान वर न करता ती म्हणाली, "अम्मा, माझ्या हातातली कात्री नाही घेतलीस ती कधी."

अम्मा काही बोलली नाही. बराच वेळ दोघींचे हात चालू राहिले. मग अम्माने आपल्या सुपातल्या चार बांधलेल्या जुड्या उचलल्या आणि मुकाट्याने लेकीच्या जुड्यांत ठेवल्या. त्या दिवशी लेकीचे हजार दिवे लागण्यापूर्वीच भरले.