आतला जिना

लेकीने न्यू जर्सीहून कळवलं, तिकिटं मिळाली. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या आतून थेट मुकुटापर्यंत! लिफ्ट चौथऱ्यापर्यंतच, पुढे 162 पायऱ्या, अरुंद गोल जिना. गुडघ्याच्या ऑपरेशनला आता वर्ष होईल. रोज संध्याकाळी आमच्या इमारतीचे तीन मजले चढते, कठडा न धरता.

पण मनात घोळतो तो तिचा पत्रा. ठोकून घडवलेलं तांबं, जाडी जेमतेम 2.4 मिलिमीटर, आयफेलच्या लोखंडी सांगाड्यावर तोललेलं. काल आईचा हंडा काढला, आतून हात फिरवला. बाहेरचे सगळे ठोके आत बोटांना लागतात, उलटे. वर चढताना तिचा चेहरा असाच दिसेल ना, आतून?

आईने हा हंडा कुठून घेतला, कधी विचारलंच नाही.