मुंबई ते लंडन : नऊ तास की तीस तास?

गेल्या जानेवारीत आमच्या चाळीतले शेजारचे काका पहाटे चार वाजता गेले. त्यांची धाकटी लेक लंडनच्या इस्पितळात नर्स आहे. तिला फोन लागला तेव्हा तिकडे आदल्या रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि ती रात्रपाळीवर होती. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार तास.

इकडे वडीलधारी मंडळी जमली. कुणी म्हणाले, "विमान नऊ तासांत येतं, संध्याकाळी पाचला काढू." कुणी म्हणाले, "एवढ्या लांबून पोर कशी पोचणार? आताच उरकून घ्या." काकी एवढेच बोलल्या, "तिला बापाचं तोंड दिसू द्या."

सकाळी आठला मुलीचा फोन आला. थेट विमानात जागा नव्हती. दुबईमार्गे तिकीट मिळाले होते, तिकडच्या दुपारी दोनच्या विमानाचे. मी पडलो कारकून. कागद-पेन घेऊन बसलो.

मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. तिकडून थेट विमान साधारण नऊ तासांत येते. जाताना मात्र थोडा जास्त वेळ लागतो, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला अडवतात. दुबईमार्गे अंतर फार वाढत नाही. लंडन-दुबई सुमारे ५,५०० आणि दुबई-मुंबई सुमारे १,९०० किलोमीटर. वेळ जातो तो थांबण्यात.

लंडनचे दुपारचे दोन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. दुबईपर्यंत सात तास, म्हणजे रात्रीचे अडीच. तिथे तीन तास थांबणे, पहाटेचे साडेपाच. पुढे मुंबईपर्यंत तीन तास, सकाळचे साडेआठ. पासपोर्टची तपासणी, सामान, रस्त्यावरची गर्दी धरून घरी साडेदहा. पहाटे चारला निरोप गेला होता. म्हणजे नऊ नव्हे, साडेतीस तास!

कागद सर्वांपुढे ठेवला. आता वाद राहिला नाही. काकांना रात्रभर इस्पितळाच्या शवागारात ठेवले आणि अंत्ययात्रा दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला ठरली. लेक दहा वाजून चाळीस मिनिटांनी दारात उभी राहिली. काकींनी तिचा हात धरून तिला आत नेले. पुढचे काय सांगावे!

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करीत लंडनला निघाले. तेव्हा असा प्रवास साहेब-संस्थानिकांचा होता. आज चाळीतल्या मुली नोकरीसाठी तिकडे जातात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण लेकरू परदेशी गेले की घरच्यांनीही थोडे शिकले पाहिजे. तिकडची वेळ भिंतीवर लिहून ठेवा. कामाच्या ठिकाणचा फोन नंबर जवळ असू द्या. पासपोर्टची मुदत संपत नाही ना, हे लेकराला अधूनमधून विचारा. आणि विमानाचे तास मोजताना घरापासून घरापर्यंतचे मोजा.

त्या दिवशी हिशेब चुकला असता, तर एका लेकीला बापाचे तोंड दिसले नसते.