गाळलेली पाने

चोरी झाली म्हणजे गेलेल्या वस्तूचे वर्णन आणि किंमत फिर्यादीने सांगावी व अंमलदाराने ती कागदावर उतरवून घ्यावी, अशी आपल्याकडील जुनी वहिवाट आहे; परंतु माझे जे गेले त्याला फिर्यादीच्या नमुन्यात रकानाच नव्हता, आणि हे शल्य अद्यापि माझ्या मनातून गेलेले नाही.

आमचे अंकुशनगर म्हणजे अंबड तालुक्यातील महाकाळ्याची कारखाना-वसाहत. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी, त्यावरचा ऊस, समर्थ सहकारी साखर कारखाना आणि दर हंगामाला बीडकडून उतरणाऱ्या तोडणी मजुरांच्या टोळ्या, हे या भागातील कोणासही नव्याने सांगावयास नको. माझी सारी नोकरी शेतकी खात्यात चिटबॉय म्हणून गेली. तोडीच्या चिठ्ठ्या घेऊन फडात आणि संध्याकाळी मुकादमाच्या शोधात कोप्यांवर जावे लागे. तेथे ज्या वयस्क बायांनी गिरण्या येण्यापूर्वी जात्यावर दळण दळले होते, त्यांच्या मुखातून ओव्या ऐकावयास मिळत. त्या मी वहीत उतरून घेई आणि प्रत्येक ओवीपुढे म्हणणारीचे नाव, तिचे गाव व टोळीच्या मुकादमाचे नाव लिही. ही शिस्त मी पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या कार्यापासून घेतली होती. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव यांची नोंद ठेवली, म्हणूनच आज तो संग्रह ‘पारी’ या संकेतस्थळावर पाहताना ओवीबरोबर ती बाईही आपणांस भेटते.

निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतून मी पुस्तक छापले. अखेरीस चार पाने केवळ नावांची होती. त्यांच्यामुळे फॉर्म वाढतो, खर्च वाढतो, ती गाळावीत, असे मुद्रकाने परोपरीने सुचविले. पण ज्या बाईने दिवसभर मोळ्या वाहून रात्री चुलीपुढे बसून मला ओव्या सांगितल्या, तिच्या नावाच्या बदल्यात कागद वाचविण्यास माझे मन राजी होईना.

पुढे एके दिवशी पुतण्याने मोबाईल माझ्यापुढे धरला आणि तो म्हणाला, “काका, तुमचं पुस्तक ग्रुपवर फुकट फिरतंय.” स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या एका समूहात ती पीडीएफ आली होती आणि तेथून कोठकोठे गेली होती याचा पत्ता लागणे शक्य नव्हते. मुखपृष्ठ काढून ‘पारंपरिक ओव्या’ असे नवे शीर्षक घातलेले. प्रत्येक पानावर त्या समूहाचा तिरपा शिक्का. माझे नाव नाही. आणि शेवटची चार पाने नाहीत. माझे नाव गेल्याचे दुःख मला झाले, ते मी लपवीत नाही; परंतु ती चार पाने नाहीत हे ध्यानात येताच जो संताप आला, त्याची जात निराळी होती.

नकली प्रतींचे वावडे आमच्या भागाला कधीच नव्हते. काही रुपयांत मेमरी कार्ड भरून देणारी दुकाने रस्तोरस्ती होती, आणि 29 एप्रिल 2016 रोजी ‘सैराट’ प्रदर्शित झाला तेव्हा, दुष्काळाने होरपळलेल्या त्या उन्हाळ्यात, वसाहतीतील कित्येक मुलांनी तो चित्रपटगृहात न जाता हाताएवढ्या पडद्यावरच पाहिला. ते गैरच होते. परंतु चोरून पाहणाऱ्यालाही तो नागराज मंजुळे यांचा आहे हे ठाऊक होते. निर्मात्याचे पैसे बुडाले असतील, कर्त्याचे नाव बुडाले नाही. माझ्या बायांच्या बाबतीत पैशाचा प्रश्न मुळातच नव्हता. जे एकमेव त्यांचे म्हणून कागदावर आले होते, तेवढेच नेमके कापले गेले.

मी ठाण्यात अर्ज घेऊन गेलो. अंमलदार सौजन्याने वागले, चहाही मागविला, पण पहिलाच प्रश्न त्यांनी केला तो असा, की “काका, कॉपीराइटच्या नोंदणीचा दाखला आणलाय का?” मी सांगितले की 1957 च्या कायद्याप्रमाणे लेखन निर्माण होताच हक्क उत्पन्न होतो, नोंदणी ऐच्छिक आहे, आणि कलम 63 खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व 50 हजारांपासून 2 लाखांपर्यंत दंड आहे. ते म्हणाले, हे दिवाणी काम दिसते, वकील पाहा. हा गुन्हा दखलपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. त्या निकालाची छापील प्रत मी पुढे ठेवली. ती त्यांनी लक्षपूर्वक चाळली आणि वरिष्ठांना विचारून कळवितो म्हणाले. पुढच्या खेपेस दुसरे अंमलदार, पुनश्च तोच दाखला. त्यानंतर नुकसानीची रक्कम विचारण्यात आली. पुस्तकाची किंमत गुणिले किती प्रती, असा हिशोब त्यांना हवा होता, आणि त्यांच्याही बाजूने पाहता त्यांचे काय चुकले? नमुना तसाच छापलेला. मी चार पानांविषयी सांगू लागलो की त्यांची लेखणी थांबे. अखेर त्यांच्यापैकी एका तरुण शिपायाने, कोणताही कुत्सित हेतू मनात नसताना, विचारले, “पण काका, या ओव्या तुमच्या आहेत का?”

तेथे मी निरुत्तर झालो. संकलन माझे, मांडणी माझी, प्रस्तावना माझी. ओव्या माझ्या नव्हेत. कलम 57 लेखकाला आपल्या कृतीवरील नावाचा हक्क देते, आणि 2012 च्या दुरुस्तीने गायक-नटांनाही आपल्या सादरीकरणावर नाव असण्याचा हक्क मिळाला. पण आईकडून लेकीकडे आलेली ओवी जिने चिटबॉयला सांगितली आणि जी मग कागदावर गेली, त्या बाईचे स्पष्ट नाव घेणारे कलम या कायद्यात नाही. ज्या कायद्याचा मी आधार घेत होतो तो मला उभे करीत होता आणि तिला बाहेर ठेवीत होता.

मुक्तपणे वाटण्याजोगे वाङ्मय आपल्याकडे थोडे नाही, हे मी या मुलांना नेहमी सांगतो. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी 11 जून 1950 रोजी गेले, तेव्हा ‘श्यामची आई’ 1 जानेवारी 2011 पासून सर्वांची झाली आहे. वाईला सिद्ध झालेला मराठी विश्वकोश शासनाने स्वतःच संकेतस्थळावर विनामूल्य ठेवला आहे. ते वाटावे, हवे तितके वाटावे. मात्र पहिले पान आणि शेवटचे पान यांना कात्री लावू नये.

यथावकाश पीडीएफ करणारा मुलगा सापडला. वडिलांना घेऊन तो घरी आला. ते एकेकाळी कोयता घेऊन याच कारखान्याच्या फडात राबलेले. मुलाने ग्रंथालयाची प्रत मोबाईलवर टिपली होती, पैसा घेतला नव्हता. शेवटची पाने “नुसती यादी” वाटली म्हणून सोडली, असे तो म्हणाला. पुढे, मान खाली घालूनच, त्याने असेही म्हटले की तुमचं पुस्तक विकत घ्यायचं तर मिळतं कुठं? यावर मी रागावलो, आणि रागावताना मला माहीत होते की अंबडपासून जालन्यापर्यंत एकाही दुकानात ते नाही आणि उरलेल्या प्रती माझ्या पलंगाखाली आहेत. आजवर ते पुस्तक जितक्यांनी हाती धरले नसेल तितक्यांनी त्या मुलाच्या कृपेने वाचले. कृपा हा शब्द मी जाणूनबुजून लिहितो, आणि तरीही त्याने केले ते योग्य होते असे मला म्हणवत नाही.

मी त्याला माझी प्रत दिली. त्याने माझ्यासमोर बसून ती चार पाने टिपली आणि त्याच समूहांवर पाठविली. मीही माझ्या परिचितांना पाठविली. पूर्वीची पीडीएफ मात्र जशीच्या तशी हिंडत आहे, आणि नावांची पाने तिच्यापासून अलग, निराळीच हिंडत आहेत. ठाण्यातील अर्ज मी मागे घेतलेला नाही. मुलाची नोकरीची वर्षे आहेत, चारित्र्याच्या दाखल्यावर शेरा येईल, असे सांगावयास त्याचे वडील दोनदा येऊन गेले. त्यांना मी अजून हो म्हटलेले नाही आणि नाहीही म्हटलेले नाही.