दिव्याची साक्ष

गृहस्थाश्रमात मनुष्यास केव्हा कोणत्या वस्तूची पारख करावी लागेल, ह्याचा काही नेम नाही. तांदूळ, तूरडाळ, लुगडी आणि सोयरिकी ह्यांची पारख करण्यात आमच्या घरातील वडील माणसांची हयात गेली. परंतु मोटारगाडी धुऊनपुसून चकचकीत करण्यासाठी कोणता दिवा घ्यावा, हा प्रश्न त्यांपैकी कोणासही पडला नव्हता. तो वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मला पडला, आणि त्या परीक्षेत मी साफ नापास झालो, हे आरंभीच कबूल करून टाकतो. पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकांवर तांबडी शाई ओतलेल्या मास्तराने स्वतःचे गुण असे चव्हाट्यावर मांडावे, ह्याची वाचकांस मौज वाटेल, खुशाल वाटो.

आमचे घर चंद्रपुरास, जुन्या परकोटाच्या आत. आम्ही दोघे बंधू, मुले, सुना, नातवंडे मिळून एका चुलीवर जेवणारे. मागील अंगणात गुरांचा कोठा होता. गाई गेल्या, कडब्याच्या पेंढ्या गेल्या, आणि त्या जागी धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांची गडद निळी मोटार येऊन उभी राहिली. घरातील बायका अजून तिला ‘कोठ्यातली’ असेच म्हणतात. चिरंजीव नोकरीस गडचिरोलीस. १९८२ साली आमच्या जिल्ह्याची वाटणी होऊन गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. घरची वाटणी मात्र अद्याप झालेली नाही. त्यामुळे दर शनिवारी वैनगंगा ओलांडून, सावली-मूलच्या रस्त्याने, रानातून गाडी हाकीत तो घरी येतो आणि सोमवारी पहाटे परत जातो.

ह्या गाडीवर दोन जिल्ह्यांची धूळ असते. चंद्रपूरची धूळ काळी-करडी. ती कोळशाच्या खाणींची आणि औष्णिक वीजकेंद्राच्या राखेची. आष्टी-एटापल्लीकडे कामास जावे लागले, तर सूरजागडच्या लोहखनिजाची तांबडी धूळ तीवर चढते. दिसण्यात दोन्ही पिठासारख्या मऊ. परंतु राखेत सिलिका असते, खनिजातही कठीण कण असतात. आणि मोटारीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा जो पारदर्शक थर असतो, त्याची जाडी जेमतेम मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी. एवढ्या नाजूक थरावर असले कण चोळणे म्हणजे आरशाला वाळूने घासणेच होय. हे ज्ञान मला मागाहून झाले. तत्पूर्वी दर रविवारी पहाटे, स्नानाआधी, जुन्या धोतराचा मऊ फडका घेऊन कोठ्यातील ट्यूबलाइटच्या उजेडात मी सारी गाडी कोरडीच पुसून काढीत असे. वैशाखात आमच्याकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. दुपारी पत्र्यास हात लावण्याची सोय नाही, आणि पाणी ओतावे तो ते सुकून त्याचे पांढरे डाग उरतात. म्हणून हे काम पहाटेचे किंवा दिवेलागणीनंतरचे. ते करीत असता गाडीवर जी झळाळी चढे, ती पाहून मला फार समाधान वाटे. घरातील मुलांनी ही वाहनसेवा पाहून काही बोध घ्यावा, असेही वाटे.

मार्गशीर्षातील एका रविवारी मला थोडा ताप होता, म्हणून झरपट नदीच्या अंगाला राहणाऱ्या एका मुलास गाडी धुण्यास बोलाविले. तो महाविद्यालयात शिकतो आणि सुटीच्या दिवशी गाड्या धुऊन चार पैसे मिळवितो. त्याचा बाप माझाच विद्यार्थी. मुलाने गाडी अंगणात घेतली. उजवी बाजू धुऊन झाली, आणि नळ गेला. तेवढ्यात मी शाल पांघरून बाहेर आलो. उन्हे कलली होती. उजव्या दारांवर तिरपे ऊन पडले होते, आणि त्या उन्हात मला जे दिसले, त्याने माझा ताप आणखी चढला. निळ्या रंगावर बारीक ओरखड्यांची वर्तुळेच वर्तुळे, जणू कोळ्याने जाळे विणले आहे! डावी बाजू भिंतीच्या सावलीत होती; ती मला निर्मळ दिसली.

मी कडाडलो. गोल गोल घासून गाडीचे वाटोळे केलेस, म्हणालो. मुलगा म्हणाला, “नाई जी गुरुजी. मी तं पाणी मारूनच धुवलो. हे आधीचंच असंन.” अपराध केल्यावर खोटे बोलणे हा दुसरा अपराध, असे मी त्यास सुनावले, त्याची मजुरी दिली नाही, आणि पुन्हा ह्या घरी येऊ नकोस म्हणून सांगितले. तो बादली पालथी घालून निघून गेला.

असे नुकसान पुन्हा होऊ नये, म्हणून त्याच आठवड्यात मी बाजारातून एक दिवा आणला. पन्नास वॅटचा एलईडी, लग्नमंडपात लावतात त्या जातीचा. विक्रेता म्हणाला, “रात्रीचा दिवस होईल.” तसा तो झालाही. परंतु डोळ्यांना असा झोंबू लागला, की मी त्याचे तोंड चुन्याच्या भिंतीकडे फिरविले. मग कोठाभर मऊ, शुभ्र चांदणे पसरले. शनिवारी पुतण्या आला, तेव्हा मोठ्या अभिमानाने मी त्यास तो उजेड दाखविला आणि म्हणालो, “ही डावी बाजू बघ, माझ्या हाताखालची. एक रेघ सापडणार नाही. आणि उजवी त्या पोराने बिघडविली.”

तो दोन्ही बाजूंनी फिरून आला आणि म्हणाला, “काका, पण उजवीवर तरी रेघ कुठे आहे?”

मी चष्मा पुसून पाहिले. खरोखरच एकही ओरखडा दिसेना. मी दिवा लावला आणि अपराधच नाहीसा झाला!

पुतण्याने सगळे दिवे मालविले. गाडीच्या खणातून एक लहानसा हातदिवा काढून तो हातभर अंतरावरून डाव्या दारावर धरला. त्या मुलाचा ह्या दारास हातही लागला नव्हता. तेथे तीच वर्तुळे, तेच जाळे. मी म्हणालो, “बघ, कसे गोल घासले आहे!” त्याने काही न बोलता दिवा वीतभर उजवीकडे नेला. वर्तुळही वीतभर उजवीकडे गेले. खाली नेला, वर्तुळ खाली उतरले. मागील दारावर नेला. ते मागील दारावर जाऊन बसले.

अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह मी तरुणपणी घोकला आहे. दिवा असेल तेथे वर्तुळ, दिवा नसेल तेथे वर्तुळ नाही, हा अन्वय-व्यतिरेक समजण्यास मला वेळ लागला नाही. वर्तुळ हाताचे नव्हते, दिव्याचे होते. पत्र्यावर सूक्ष्म ओरखडे सर्व दिशांनी पडलेले असतात. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे ओरखडे आडवे येतात, तेवढेच उजेड आपल्या डोळ्यांकडे फेकतात. बाकीचे गुप्त राहतात. म्हणून सरळ पुसा की गोल पुसा, दिसते ते वर्तुळच. जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा दिसतो, तो दोष स्फटिकाचा नव्हे, हे मी किती मुलांना शिकविले असेल! आणि ज्या गोलाईवरून मी त्या मुलास दोषी ठरविले, ती गोलाई त्याच जातीची निघाली. ओरखडे मात्र खरे होते. पुतण्याने हळूच विचारले, “काका, ही बाजू रोज कोण पुसते?” त्या प्रश्नास उत्तराची आवश्यकता नव्हती. माझ्या धोतराचा फडका खुंटीवर लोंबतच होता.

त्यानंतर दिवे कसे घेतले, तेही सांगतो. ज्यांच्या दारी मोटार आहे त्यांस उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, एकाच दिव्याकडून सगळी कामे मागू नयेत. छतावरची ट्यूब आम्ही तशीच ठेविली. बादलीत पाय पडू नये एवढेच तिचे काम. दुसरे, हात चालविण्यासाठी दोन लांबट एलईडी दिवे घेतले, दुधी आवरणाचे, स्टँडवर उभे राहणारे. ते गाडीच्या दोन अंगांना कमरेइतक्या उंचीवर ठेवतो. वरचा दिवा टपावर आणि बॉनेटवर उजेड पाडतो, दारांच्या खालच्या भागावर सावलीच राहते, आणि चिखल तर तेथेच असतो. ह्या दिव्यांचा उजेड पसरट व सौम्य. त्यात डोळे थकत नाहीत. परंतु पसरट उजेड सर्व बाजूंनी येतो, त्यामुळे ओरखडे झाकले जातात. भिंतीवरून परतलेल्या माझ्या चांदण्याने तेच केले. म्हणून तिसरा, तपासणीचा हातदिवा. त्याचा प्रकाश एका लहानशा बिंदूतून निघाला पाहिजे. सूर्य एवढा प्रचंड, परंतु आकाशात तो अर्ध्या अंशाचीच जागा व्यापतो. म्हणूनच उन्हापुढे कोणतेही वैगुण्य लपत नाही. हातदिवा म्हणजे आपला मुठीतला सूर्य. तपासणीच्या वेळी मात्र बाकीचे सर्व दिवे मालवावे, आणि हातदिवा तिरपा धरून हलवीत राहावे. एका जागी धरलेला दिवा अर्धेच सांगतो.

वॅटचा आकडा पाहून दिवा घेऊ नये. वॅट हे विजेच्या खर्चाचे माप; उजेडाचे माप ल्युमेन. कामाचे आमचे दिवे प्रत्येकी दोन हजार ल्युमेनचे आहेत, हातदिवा अवघा चारशेचा. कारण तो जवळ धरावयाचा. लहान दिवा दुप्पट दूर नेला की उजेड चौथाई उरतो, हे गणित येथे उपयोगी पडते.

उजेडाच्या रंगावरून आमच्या घरी वाद झाला. रंगाचे माप केल्विन. जुना पिवळा बल्ब २७०० केल्विनचा, माध्यान्हीचे ऊन सुमारे ५५०० चे, आणि बाजारातील निळसर पांढरे दिवे ६५०० चे. माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदू गतवर्षी काढले. डाव्याचे अद्याप पिकत आहे. ६५०० चा दिवा उजव्या डोळ्यास निळा दिसे, डाव्यास अगदी बरोबर. एकाच धन्याच्या दोन साक्षीदारांचे एकमत होईना! अखेर आम्ही ५००० चे दिवे घेतले. पावसाळ्यात फार निळसर उजेडावर किडे अधिक झेपावतात आणि ओल्या पॉलिशवर चिकटून बसतात, हेही एक कारण. पांढऱ्या एलईडीच्या पोटात मूळचा उजेड निळाच असतो. त्या निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा ह्यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्यावर पिवळ्या लेपाचा संस्कार करून पांढरा उजेड बनवितात, त्यामुळे हलक्या दिव्यात तांबडा रंग फिका पडतो. रंग कितपत खरे दिसतात ह्याचे माप सीआरआय. पूर्ण गुण शंभर. रंगाशी रंग जुळवावयाचा असेल तर नव्वदाच्या वरचा दिवा घ्यावा.

शेवटची गोष्ट पाण्याची. ओल्या फरशीवर वायर लोळू देऊ नये. हातातला दिवा बॅटरीचाच असावा. वायरचा असेल त्यावर आयपी ६५ असे चिन्ह पाहावे, म्हणजे धूळ व पाण्याची धार ह्यांपासून तो सुरक्षित असतो. आणि घरच्या जोडणीवर तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी असावा. बॅटरीचा आणखी एक उपयोग आहे. आमच्या गावचे वीजकेंद्र १९८३ पासून वीज देत आहे, आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे, आणि तरीही वादळी पावसात आमच्या गल्लीत कंदील निघतोच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

ह्या खरेदीस मजबरोबर कोण होते, हे सांगावयाचे राहिले. तोच मुलगा होता.

त्या शनिवारच्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी उठून मी त्याच्या घरी गेलो, राहिलेली मजुरी त्याच्या हाती ठेविली, आणि चूक माझी होती, असे त्याच्या आईबापांदेखत सांगितले. मुलगा संकोचून म्हणाला, “जाऊ द्या जी गुरुजी.” बापाने खाट टाकली, चहा सांगितला. मग माझ्याकडे पाहून हसत हसत म्हणाला, “गुरुजी, आमच्या टायमाला तं तुमी असे परत नाई आले जी.”

मी विचारले, “कधी रे? काय झाले होते?” तो म्हणाला, “लय जुनी गोष्ट आहे. घ्या, चहा घ्या.” मी पुन्हा विचारले, त्याने सांगितले नाही. त्याच्या वर्गाचे ते वर्ष, ती बाके, ती मुले मी पुष्कळ आठवून पाहिली. चाळीस मुलांच्या त्या वर्गात कोणत्या दिवशी, कोणत्या उजेडात, कोणते वर्तुळ पाहून मी त्यास दोषी ठरविले असेल, ते काही केल्या आठवत नाही. त्या दिवसावर धरावयास हातदिवा कोणत्याही दुकानात मिळत नाही.

गाडीचे म्हणाल, तर पॉलिशने ओरखडे निघतात, परंतु दर वेळी तो पारदर्शक थरही थोडा झिजतो. म्हणून पुतण्याने दोन दारे तेवढी साफ केली आणि बाकीचे तसेच राहू दिले. धोतराचा फडका आता फरशी पुसतो. रविवारी दिवेलागणीनंतर तो मुलगा येतो. आधी भरपूर पाणी मारून मगच गाडीस हात लावतो. हातदिवा त्याच्याकडे असतो. मी बादल्या भरून देतो.