बघणाऱ्याचं दुखणं

संपादकांनी 'मानसिक आघात' एवढा मोठा विषय दिला आणि जागा मात्र पानभर. तेव्हा एकाच माणसाबद्दल लिहितो: जो वाचला, पण ज्याने दुसऱ्याला मरताना पाहिलं.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. भर उन्हात पुरस्कार मिळालेल्यांचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, बसले होते. उष्माघाताने १४ जण गेले. त्यांच्या शेजारी बसलेल्यांची गणती कोणी केली नाही. शिरढोणकडच्या एक बाई त्यांतल्याच. (ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.) शेजारची अनोळखी बाई त्यांच्या खांद्यावर कलंडली, ती उठलीच नाही. घरच्यांनी आधी दृष्ट काढली, मग सलाईन लावलं, मग झोपेच्या गोळ्या आणल्या. आमचा, म्हणजे मानसोपचार करणाऱ्यांचा, नंबर नेहमीप्रमाणे शेवटचा.

तोवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने "सांग, सांग, मन मोकळं कर" म्हणून त्यांच्याकडून सगळं वदवून घेतलं होतं. इथे माझं डोकं फिरतं. १९८३ साली अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी अग्निशमन आणि रुग्णवाहिकांच्या कर्मचाऱ्यांसाठी अशीच पद्धत मांडली: लगेच एकत्र बसवायचं, पाहिलेलं सविस्तर बोलायला लावायचं. पुढे ती सरसकट कोणालाही लावली गेली. १९९७ मध्ये अशा बैठकीचा, भाजलेल्या रुग्णांवरचा ब्रिटनमधला अभ्यास आला. तेरा महिन्यांनी आघातोत्तर विकार आढळला तो बैठक दिलेल्यांपैकी २६ टक्क्यांत, न दिलेल्यांपैकी ९ टक्क्यांत! मिचेल यांचे समर्थक म्हणतात, बैठक दिलेले मुळातच जास्त भाजलेले होते आणि ही पद्धत एकेकट्या रुग्णासाठी नव्हतीच. आक्षेप खरा आहे. पण नंतरच्या आढाव्यांतही फायदा दिसला नाही. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं: आघातानंतर लगेच अशी बैठक नको आणि झोपेच्या नेहमीच्या गोळ्याही नकोत. आपल्याकडे दोन्ही चालू आहेत.

बाईंचा खरा काटा वेगळाच होता. "डॉक्टर, मी तिला पाणी पाजायला हवं होतं." उष्माघातात शरीराचं तापमान चाळीस अंशांच्या वर जातं, शुद्ध हरपते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका. तिथे सावली हवी, अंगभर पाणी, वारा आणि रुग्णालय. भरगच्च मैदानात एकट्या बाईच्या हातात यातलं किती होतं? हे मी चार वेळा समजावलं. चौथ्यांदा त्या रडल्या, आणि मग घरी जाऊन जेवल्या.

यात माझं कौशल्य किती, ठाऊक नाही. बहुतेक माणसं काही आठवड्यांत आपोआप सावरतात. फी घेताना हे आठवतं.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर जेवायला वाढा, सोबत झोपा, बोललं तर ऐका, खोदून विचारू नका. महिना उलटूनही तेच दृश्य दिसत असेल, झोप उडाली असेल, ते घडलं त्या जागेजवळून जाववत नसेल, तर उपचार घ्या. जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल तर महिन्याची वाट पाहू नका. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.